नाव एक, चिलटे दोन

पावसाळा सरत आला की संध्याकाळी दिव्याभोवती बारीक किडे जमतात. त्यांतले बरेचसे डासांसारखे दिसतात, पण चावत नाहीत. चावायला लागणारी लांब सोंडच त्यांना नसते. बोलीभाषेत आपण अशा सगळ्याच किड्यांना चिलटे म्हणून मोकळे होतो. भिंतीवर बसलेला किडा डास की चिलट हे ओळखायचे असेल तर पायांकडे पाहावे. बसलेला डास बहुधा मागचे पाय उचलून धरतो, चिलट पुढचे. पुढचे पाय हातांसारखे हवेत धरून बसण्याच्या या सवयीवरूनच या किड्यांच्या एका मोठ्या प्रजातीला किरोनोमस हे नाव मिळाले. हातवारे करून नाट्य करणाऱ्या नटाला ग्रीक भाषेत जो शब्द होता, तोच हा.

प्रौढ चिलट काही दिवसच जगते. त्याचे खरे आयुष्य जाते पाण्याच्या तळच्या गाळात, अळीच्या रूपात. उघड्या टाकीच्या किंवा हौदाच्या तळाशी वळवळणाऱ्या लालभडक अळ्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तात हे द्रव्य तांबड्या पेशींत असते, या अळ्यांच्या शरीरद्रवात ते सरळ विरघळलेले असते. कीटकांत हे दुर्मीळ आहे. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात जगायला त्याचा उपयोग होतो, आणि म्हणूनच घाण पाण्यात इतर कीटक नाहीसे झाले तरी या अळ्या टिकून राहतात.

पण ‘या अळ्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या? अळी कोणत्या जातीची हे ठरवणे वरकरणी किरकोळ काम वाटते. प्रत्यक्षात या एका प्रश्नापायी दोनशे वर्षे गेली आहेत, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे एक नाव १९९९ साली दोन तुकड्यांत फुटले. तो इतिहास आपण पाहू.

लिनेयसने १७५८ साली यांतल्या एका मोठ्या जातीला प्लुमोसस, म्हणजे पिसांचा, असे नाव दिले. नराच्या शृंगिका पिसासारख्या झुपकेदार असतात म्हणून. किरोनोमस हे प्रजातीचे नाव जर्मन अभ्यासक मायगेन याने १८०३ साली दिले. खरे तर त्याने १८०० सालच्या एका पुस्तिकेत याच किड्यांना टेंडिपेस असे दुसरेच नाव दिले होते. ती पुस्तिका पुढे शंभर वर्षे कुणाच्या लक्षातही नव्हती. विसाव्या शतकात ती पुन्हा उजेडात आली आणि ‘आधीचे नाव खरे’ या नियमानुसार काहींनी टेंडिपेस वापरायला सुरुवात केली. अखेर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६३ साली ती पुस्तिकाच रद्दबातल ठरवली आणि किरोनोमस कायम राहिले. जुने शोधनिबंध चाळताना एकच किडा दोन नावांनी भेटतो तो यामुळे. आमच्या मते आयोगाने केले ते शहाणपणाचेच केले. नियम पाळण्यासाठी नावे नसतात, एकमेकांचे बोलणे कळावे म्हणून असतात.

आपल्या गोष्टीतले मुख्य नाव आहे किरोनोमस टेंटन्स. हे नाव १८०५ साली लिनेयसचा शिष्य फॅब्रिशियस याने दिले. त्या काळी वर्णन म्हणजे लॅटिनमधल्या दोन-चार ओळी असत: रंग कसा, पंखावर ठिपका आहे की नाही, पाय कोणत्या रंगाचे. टाचणीला टोचून वाळलेल्या किड्याचा रंग उडतो, हे ध्यानात घेतले तर अशा वर्णनावरून जात ओळखणे किती अवघड होते हे समजेल. पुढे लक्ष गेले नराच्या शेपटाच्या टोकाकडे. मीलनाच्या वेळी मादीला धरण्यासाठी तिथे चिमट्यासारखे अवयव असतात. त्यांचे आकडे, त्यांवरचे केस, त्यांची वळणे यांवरून जाती वेगळ्या करता येऊ लागल्या.

इकडे दुसरीच अडचण उभी राहिली. जर्मनीत प्लोन येथे काम करणाऱ्या आउगुस्ट टीनेमान या जलजीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दाखवून दिले की सरोवराच्या तळाशी कोणत्या चिलटांच्या अळ्या आहेत यावरून ते सरोवर कोणत्या प्रकारचे हे सांगता येते. स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या खोल पाण्यात टॅनिटार्सस गटाच्या अळ्या आढळतात, तर पोषकद्रव्ये जास्त आणि प्राणवायू कमी अशा पाण्यात किरोनोमसच्या. म्हणजे आता नाव हवे होते अळीला. आणि नावे दिलेली होती प्रौढ नरांना! अळीत चिमटे नसतात. तिच्या डोक्याच्या कठीण कवचाखाली, हनुवटीच्या जागी, एक दातेरी पट्टी असते, शृंगिकेचे बारीक खंड असतात, आठव्या उदरखंडावर बोटांसारख्या नळ्या असतात. या खुणा पाहून गट ठरवता येतो, जात बहुतेकदा ठरवता येत नाही. दोन निरनिराळ्या जातींच्या अळ्या एकाच बशीत ठेवल्या तर तज्ज्ञसुद्धा गोंधळतो.

यातून वाट निघाली ती एका जुन्या, विसरलेल्या निरीक्षणातून. पॅरिसमधल्या कॉलेज द फ्रान्समधील प्राध्यापक बाल्बियानी यांनी १८८१ साली किरोनोमसच्या अळीच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशी प्रचंड, केंद्रक प्रचंड, आणि केंद्रकात आडवे पट्टे असलेली जाड, गुंडाळलेली दोरी. या दोरीवर काही ठिकाणी फुगीर कडीसारखे भागही होते. ते त्यांनी नीट रेखाटले. ‘गुणसूत्र’ या अर्थाचा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो १८८८ सालचा. साहजिकच आपण काय पाहिले हे बाल्बियानींना सांगता आले नाही आणि पुढची पन्नासएक वर्षे हे चित्र एक चमत्कारिक गोष्ट म्हणून पडून राहिले.

१९३३ साली हाइट्झ आणि बाउअर यांनी जर्मनीत बिबिओ या माशीत, तर पेंटर यांनी अमेरिकेत फळमाशीत, ही दोरी म्हणजे गुणसूत्रच असल्याचे स्वतंत्रपणे दाखवले. पाठोपाठ बाउअर यांनी खुद्द किरोनोमसची गुणसूत्रे तपासली. आता खुलासा असा झाला. अळी वाढते तशा तिच्या लाळग्रंथीच्या पेशी विभागत नाहीत, नुसत्या मोठ्या होतात. आतला डीएनए मात्र दुप्पट, चौपट, आठपट असा वाढत जातो आणि सगळ्या प्रती एकमेकींना चिकटून राहतात. किरोनोमसमध्ये अशा आठ हजारांवर, काही पेशींत सोळा हजारांपर्यंत प्रती एकत्र असतात. एक दोरा डोळ्यांना दिसत नाही, पण हजारो दोऱ्यांचा जुडगा दिसतो. प्रत्येक दोऱ्यावर जिथे गाठ, तिथे जुडग्यावर पट्टा. या गुणसूत्रांना पॉलिटीन, म्हणजे बहुसूत्री गुणसूत्रे म्हणतात.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर हे पाहणे अवघड नाही. पूर्ण वाढलेली लाल अळी काचपट्टीवर मिठाच्या अगदी सौम्य पाण्याच्या थेंबात ठेवावी. एका सुईने डोके दाबून धरावे, दुसरीने डोक्यामागचा भाग हलकेच ओढावा. आतड्याबरोबर दोन काचेसारख्या पारदर्शक, चपट्या पिशव्या बाहेर येतात, त्या लाळग्रंथी. बाकीचे काढून टाकावे, ग्रंथींवर ॲसिटो-ऑर्सीन किंवा ॲसिटो-कार्मिन रंगाचा थेंब घालून काही मिनिटे थांबावे, वर काचेचे पातळ झाकण ठेवून टिपकागदातून अंगठ्याने सरळ खाली दाबावे. अंगठा सरकू देऊ नये, हे महत्त्वाचे. किरोनोमसमध्ये पेशीत चार जोड्या म्हणजे आठ गुणसूत्रे असतात, पण लाळग्रंथीत प्रत्येक जोडीतली दोन्ही एकमेकांना चिकटलेली असल्याने चारच दिसतात: तीन लांब, एक आखूड. आखूड गुणसूत्रावर फुगलेल्या कड्या सहज ओळखू येतात. त्याच बाल्बियानींच्या कड्या.

पट्ट्यांचा क्रम हा जातीचा जणू ठसा असतो. वर्गात समजावताना आम्ही अक्षरांचा उपयोग करतो. एका जातीत क्रम ‘कखगघङच’ असा असेल, तर दुसरीत मधला तुकडा तुटून उलटा जोडला गेल्याने ‘कखङघगच’ झालेला असतो. अक्षरे तीच, क्रम वेगळा. याशिवाय गुणसूत्रांचे अख्खे बाहूही एकमेकांशी अदलाबदल करतात. किरोनोमसचे सात बाहू ए ते जी अशा अक्षरांनी ओळखले जातात. एका गटात त्यांच्या जोड्या एबी, सीडी, ईएफ आणि एकटा जी अशा असतात. दुसऱ्यात एई, सीडी, बीएफ आणि जी. टेंटन्सच्या गटात एबी, सीएफ, ईडी आणि जी. जर्मनीतल्या काइल यांनी १९५९ साली सहलेखकासह लाळग्रंथीच्या गुणसूत्रांवरून किरोनोमसच्या जाती ओळखण्याची किल्ली प्रसिद्ध केली आणि १९६२ साली बाहूंच्या या जोड्यांवरून जातींची नातीही मांडली. योगायोग असा की १९५९ सालीच श्ट्रेन्त्स्के यांनी उत्तर जर्मनीतल्या पंधरा जाती-उपजातींच्या प्रौढ किड्यांची बारकाईने उजळणी प्रसिद्ध केली. शरीररचना आणि गुणसूत्रे ही दोन्ही कामे आता शेजारी शेजारी चालू झाली.

पण दोन्ही एकाच किड्यात पाहायची कशी? गुणसूत्रे दिसतात अळीत, आणि ती पाहण्यासाठी अळी मारावी लागते. चिमटे दिसतात प्रौढ नरात, आणि प्रौढात त्या लाळग्रंथी उरलेल्या नसतात. यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे. चिलटाची मादी शेकडो अंडी जेलीसारख्या एकाच पुंजक्यात घालते. असा एक पुंजका आणून वेगळ्या भांड्यात वाढवायचा. सगळ्या अळ्या सख्खी भावंडे. त्यांतल्या काहींची गुणसूत्रे पाहायची, उरलेल्या वाढू द्यायच्या, त्यांची टाकलेली कातडी, कोषाचे कवच आणि नराचे चिमटे जपून ठेवायचे. मारलेल्या अळीचे डोकेही फेकायचे नाही; तेही काचपट्टीवर चढवायचे. मग अळी, कोष, प्रौढ आणि गुणसूत्रे हे सगळे एका नावाखाली खात्रीने येते.

आता टेंटन्सकडे वळू. ही जात आकाराने मोठी, प्रयोगशाळेत वाढणारी, आणि गुणसूत्रे अतिशय ठसठशीत. तिच्यात सुमारे दोन हजार पट्टे मोजले गेले आहेत. जर्मन शास्त्रज्ञ बेअरमान यांनी १९५२ साली दाखवले की निरनिराळ्या अवयवांत पट्ट्यांचा क्रम तोच असतो, पण कोणते पट्टे फुगतात हे अवयवागणिक बदलते. म्हणजे जनुके सगळीकडे तीच. कामाला लागतात ती वेगवेगळी. १९६० साली क्लेव्हर आणि कार्लसन यांनी टेंटन्सच्या अळीला कात टाकायला लावणारे संप्रेरक, एक्डायसोन, टोचले आणि थोड्याच वेळात ठराविक पट्टे फुगलेले पाहिले. संप्रेरक जनुकांना जागे करते हे इतक्या उघडपणे पूर्वी कुणी पाहिले नव्हते. १९६१ साली बेअरमान यांनी टेंटन्स आणि तिची जवळची जात पॅलिडिव्हिटॅटस यांचा संकर केला. पॅलिडिव्हिटॅटसच्या लाळग्रंथीतल्या मोजक्या पेशी दाणेदार स्राव तयार करतात, टेंटन्सच्या करत नाहीत. हा गुण मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढ्यांत उतरला आणि तो आखूड गुणसूत्रावरच्या एका कडीच्या जागेशी बांधलेला निघाला. पुढे स्टॉकहोममध्ये याच जातीच्या कड्यांवर आरएनएचा अभ्यास कित्येक वर्षे चालला.

अटलांटिकपलीकडे टेंटन्स वेगळ्याच कामाला लागली होती. नदीच्या किंवा तलावाच्या तळचा गाळ विषारी आहे का हे तपासायचे तर त्या गाळात अळ्या सोडून त्या जगतात का आणि किती वाढतात हे पाहायचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९४ साली अशा चाचणीची जी प्रमाण पद्धत प्रसिद्ध केली, तीत किरोनोमस टेंटन्स हेच नाव होते. गाळातला धातू, कीटकनाशके, तेल यांच्याबद्दलचे निर्णय या अळीच्या जगण्यामरण्यावर होऊ लागले.

ही अमेरिकेतली टेंटन्स आणि युरोपातली टेंटन्स एकच होती का? शंका जुनी होती. ॲक्टन यांनी १९५९ साली एकमेकींपासून फार दूर राहणाऱ्या टेंटन्सच्या वस्त्यांची गुणसूत्रे ताडून त्यांतले फरक मांडले. १९७१ साली ॲक्टन आणि स्कडर यांनी टेंटन्सच्या ‘वंशां’बद्दल लिहिले. वंश, जात नव्हे. हा संकोच समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यामागे तर्काची खरी अडचण आहे.

समजा एकाच तळ्यात पट्ट्यांचे दोन क्रम सापडले. त्यांची चिलटे आपापसांत जुगत असतील तर काही अळ्यांना आईकडून एक क्रम आणि बापाकडून दुसरा मिळेल. असे दोन क्रम एकमेकांना चिकटताना उलटलेल्या तुकड्यापाशी गुणसूत्राला वळसा पडतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली चटकन दिसतो. शेकडो अळ्या पाहूनही एकही वळसा मिळाला नाही तर निष्कर्ष काढता येतो की त्या तळ्यात दोन जाती आहेत. ही कसोटी उत्तम आहे. पण ती चालते दोघी एकत्र राहत असतील तरच. एक युरोपात आणि एक अमेरिकेत असेल तर वळसे मिळणारच नाहीत, कारण भेटच होत नाही. संकर न दिसणे हा तिथे पुरावा ठरत नाही. उलट टेंटन्स आणि पॅलिडिव्हिटॅटस या दोन निर्विवाद जातींचा प्रयोगशाळेत संकर होतो, म्हणजे संकर होणे हाही एकजातीयतेचा पुरावा नाही.

मग उरतो एकच मार्ग: फरक किती मोठा आहे ते मोजायचे आणि ओळखीच्या जातींमधल्या फरकांशी ताडून पाहायचे. त्यासाठी दोन्ही खंडांतल्या अनेक वस्त्यांचे नमुने हवेत. शीतयुद्धाच्या काळात हे सोपे नव्हते, कारण युरोप-आशियातल्या टेंटन्सचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघात होता. नोव्होसिबिर्स्कच्या पेशीविज्ञान व आनुवंशिकी संस्थेतील इया किकनाद्झे, अमेरिकेतील माल्कम बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दोन्ही खंडांतल्या टेंटन्सच्या पट्ट्यांच्या क्रमांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच खंडातल्या वस्त्यांमध्येही क्रम थोडेफार बदलत होते, परंतु दोन खंडांमधली दरी त्याहून फार मोठी होती. १९९९ साली शोबानोव्ह, किकनाद्झे आणि बटलर यांनी गुणसूत्रे आणि शरीररचना दोन्ही ताडून जाहीर केले की या दोन स्वतंत्र जाती आहेत. फॅब्रिशियसचा मूळ किडा युरोपचा, म्हणून टेंटन्स हे नाव युरोप-आशियातल्या जातीकडे राहिले. अमेरिकेतल्या जातीला किरोनोमस डायल्युटस असे नवे नाव मिळाले.

नाव मिळाले तरी वापरात यायला वेळ लागतो. अमेरिकी चाचणी-पद्धतीची दुसरी आवृत्ती २००० साली निघाली, तीतही टेंटन्सच छापलेले आहे. पुढच्या शोधनिबंधांत हळूहळू डायल्युटस दिसू लागले. त्यामुळे जुना निबंध वाचताना आधी पाहायचे की अळ्या कोणत्या खंडातल्या होत्या. स्टॉकहोमची टेंटन्स ही टेंटन्सच; २०१४ साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तोही त्याच नावाने, आणि बरोबर नावाने. अमेरिकेतल्या गाळ-चाचणीतली टेंटन्स मात्र डायल्युटस समजून वाचायची. एकीच्या जनुकांबद्दलची माहिती दुसरीच्या विषबाधेला लावताना हात आखडता घेतलेला बरा. विष सोसण्याची ताकद जवळच्या जातींतही सारखीच असते असे गृहीत धरता येत नाही.

आता तर डीएनएचा एक छोटा तुकडा वाचून जात ठरवता येते, मग ही अळी फाडण्याची खटपट कशाला, असे विद्यार्थी विचारतात. २००३ पासून प्रचारात आलेला हा ‘बारकोड’ म्हणजे मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा भाग, आणि मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. टेंटन्सच्या गटाचा असा अभ्यास मार्टिन, गुर्येव आणि ब्लिनोव्ह यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. दोन्ही खंडांत राहणाऱ्या चिलटांमध्ये मायटोकाँड्रियाची जनुके एका जातीतून दुसरीत गेल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. पूर्वी कधीतरी झालेल्या संकरातून हे घडते. मादीचे मायटोकाँड्रिया परक्या जातीत शिरतात आणि तिथेच पिढ्यानपिढ्या राहतात, बाकीची गुणसूत्रे मात्र पुन्हा मूळ जातीसारखी होत जातात. अशा वेळी केवळ बारकोड वाचणारा फसेल, पट्टे पाहणारा फसणार नाही. सगळीकडे हेच होते असे नाही. पुष्कळ गटांत बारकोड चांगले काम देतो.

आपल्याकडची किरोनोमस रॅमोसस ही जात चौधुरी, दास आणि सबलेट यांनी १९९२ साली भारतीय जातींच्या उजळणीत वर्णन केली. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात तिच्यावर बरेच काम झाले असून तिच्या अळ्या गॅमा किरणांचा मोठा मारा सोसतात असे आढळले आहे. पण या पद्धतीचा भारतातला सर्वांत मोलाचा उपयोग चिलटांवर नव्हे, डासांवर झाला. ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस हा एकच डास मानला जात होता. १९८० साली मादीच्या अंडाशयातल्या पोषक पेशींची बहुसूत्री गुणसूत्रे पाहून त्यात दोन जाती असल्याचे दिसले. पुढे ही संख्या पाचावर गेली. बाहेरून सगळ्या सारख्या. त्यांतली ‘बी’ ही जात मलेरिया पसरवण्यात कमजोर निघाली. एखाद्या गावात क्युलिसिफेसीस डास भरपूर आणि मलेरिया फारसा नाही, हे कोडे तिच्यामुळे सुटू लागले, आणि फवारणी कुठे करायची हे ठरवताना डास किती आहेत याबरोबर कोणत्या जातीचे आहेत हेही विचारले जाऊ लागले.